ट्रान्सजेंडर पालक असलेल्या कुटुंबावर मालिका लिहायची असेल तर

प्रश्न थोडक्यात असा: सत्तरीचे वडील घरात सांगतात की मी स्त्री आहे. या कल्पनेवर दहा भागांची वेब मालिका लिहायची आहे. वडील दहाव्या भागात सगळ्यांना सांगतात आणि तिथे सीझन संपतो, असा वन-लाइनर, म्हणजे कथेचा थोडक्यात आराखडा, तयार आहे. अमेरिकेतली 'ट्रान्सपेरंट' पाहून हे सुचलं. जमेल का, आणि लिहिताना कुठे घसरायला होतं?

विषय जमेल, हा वन-लाइनर जमणार नाही. वडील ट्रान्स आहेत हे प्रेक्षकाला पोस्टरवरच कळलेलं असतं. मग त्याला ठाऊक असलेली गोष्ट पात्रांना कधी कळते याची वाट बघत तो दहा भाग बसणार नाही, तिसऱ्या भागातच मोबाइल हातात घेईल. दुसरी अडचण जास्त गंभीर आहे. लपवणं ही नाट्याच्या दृष्टीने फार निष्क्रिय गोष्ट. दाराची कडी लावणं, कपाटाला कुलूप घालणं, बेल वाजली की दचकणं, एवढ्यावर मुख्य पात्र दहा भाग उभं राहत नाही. त्यातून त्या पात्राचं माणूसपण जातं आणि नुसतं गुपित उरतं.

'ट्रान्सपेरंट'ने हा पेच कसा सोडवला ते बघा. पायलट, म्हणजे चाचणीचा पहिला भाग, फेब्रुवारी 2014 मध्ये अ‍ॅमेझॉनवर आला आणि 26 सप्टेंबर 2014 ला साधारण अर्ध्या तासाचे दहा भाग एकदम. लॉस एंजेलिसमधलं ज्यू कुटुंब. निवृत्त प्राध्यापक मॉरा तिन्ही मोठ्या मुलांना सांगायचं ठरवून जेवायला बोलावते. बाबांना कॅन्सर झाला असणार, असं मुलं येण्याआधीच धरून चालतात. जेवण होतं, मॉराच्या तोंडून मुद्द्याचं काही निघत नाही, आणि ती भलतंच सांगून टाकते: हे घर मी सोडतेय. झालं, घर कोणाला यावर तिघं भांडायला लागतात. पायलटच्या शेवटी थोरली मुलगी सारा तिच्या जुन्या मैत्रिणीबरोबर त्याच घरात नको त्या क्षणी सापडते आणि मॉरा स्त्रीवेशात समोर येते. एका मिनिटात दोघींची गुपितं एकमेकींच्या हाती. दहाव्या भागासाठी राखून ठेवलेला प्रसंग तिथे पहिल्याच भागात खर्च केला आहे, तोही दोघींना सारखाच महागात पडेल असा.

अशा मालिकेचं इंजिन एकच असतं: घरात कोणाला काय माहीत होतं, कधीपासून, आणि ते झाकून ठेवण्याची किंमत कोणी भरली. म्हणून पटकथेला हात लावण्याआधी एक तक्ता करा. आडव्या ओळीत पात्रं, उभ्या रकान्यात भाग. प्रत्येक चौकटीत चारपैकी एक नोंद करा: माहीत नाही, संशय आहे, माहीत आहे, माहीत असून नाही असं दाखवतो. कोणत्याही दोन पात्रांची ओळ सारखी येता कामा नये, आणि निदान एकाला तरी ही बातमी पालकाच्या तोंडून न कळता भलत्याच मार्गाने कळली पाहिजे. 'ट्रान्सपेरंट'मध्ये साराला अपघाताने कळतं, मुलगा जॉश तिघांत सर्वांत मागे राहतो, आणि मधल्या काळात बहिणी त्याच्याशी काय बोलतात, काय गिळतात, यावरच कितीतरी प्रसंग उभे राहतात. सगळ्यांना एकाच दिवाणखान्यात बसवून एकदम सांगितलं की ही सगळी शिल्लक एका सीनमध्ये उडते. तो सीन लिहायला सोपा आणि नटांच्याही आवडीचा असतो, म्हणून हात तिकडेच वळतो. तेवढा मोह आवरा.

किंमत कोणी भरली, याचं सगळ्यात चांगलं उदाहरण पहिल्या सीझनच्या आठव्या भागात आहे, आणि माझ्या मते अख्ख्या मालिकेचा पाया त्या एका भागात आहे. साल 1994. धाकटी अ‍ॅली तेरा वर्षांची, तिचा बात मित्स्वा, म्हणजे ज्यू मुलींचा वयात येण्याचा धार्मिक समारंभ, तोंडावर आलेला. ती म्हणते, मला करायचाच नाही. कोणताही बाप अशा वेळी आवाज चढवेल, समजूत घालेल, पाहुणे यायचेत म्हणेल. मॉरा, जी तेव्हा घरात मॉर्ट होती, थोड्या वादानंतर कबूल होते. वरून पाहिलं तर केवढा उदार बाप! खरी गोष्ट अशी की त्याच शनिवार-रविवारी स्त्रीवेश करणाऱ्या पुरुषांचं रानातलं एक शिबिर असतं आणि मॉराला तिथे जायचं असतं. समारंभ रद्द होतो, पोरगी घरात एकटी राहते आणि त्या दोन दिवसांत स्वतःला नको तिथे नेऊन सोडते. हा हिशेब अ‍ॅली सीझनच्या शेवटी मॉरासमोर मांडते.

यात तीन गोष्टी साधतात. एकाच निर्णयाचे दोन अर्थ निघतात, त्यामुळे तोच प्रसंग दोनदा वापरता येतो. पालक देवमाणूस होत नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचं, दोष त्या कृतीला चिकटतो, ट्रान्स असण्याला चिकटत नाही. मॉरा स्त्री आहे यात अ‍ॅलीची तक्रार नाही. माझ्या आयुष्यातला एक दिवस तू स्वतःसाठी वापरलास आणि वर मोठेपणा घेतलास, ही तक्रार आहे. हा फरक ज्या पटकथेत हरवतो ती एक तर 'बाबांनी आमचं आयुष्य उद्ध्वस्त केलं' अशी रडकथा होते, नाही तर पालकाला जाब विचारायचीच कोणाला मुभा नाही असं कौतुकपर्व.

तुमच्या कुटुंबासाठी अशा निदान तीन नोंदी लिहून काढा: वर्ष, निर्णय, घरात सांगितलेलं कारण, खरं कारण, भुर्दंड कोणाला. बदली नाकारणं, एकत्र सहलीला कधीच न जाणं, बायकोला नोकरी सोडायला लावणं किंवा उलट तिला मुद्दाम दूरच्या गावी नोकरी घ्यायला उत्तेजन देणं, असलं काहीही चालेल. तिन्ही नोंदी प्रेमळ किंवा तिन्ही स्वार्थी असल्या तर परत लिहा.

त्याच भागात अजून एक बारकावा आहे. शिबिरात गेल्यावर मॉरा मोकळी होते, नाचते, सायकल चालवते. पण तिथलेही लोक हॉर्मोन घेणाऱ्या एका जुन्या सदस्याबद्दल नाक मुरडतात. आपण हौस म्हणून कपडे घालतो, शेवटी पुरुषच आहोत, हा त्यांचा सूर. म्हणजे जिथे हक्काची जागा वाटली तिथेही ती उपरीच. दुसऱ्या सीझनमध्ये हीच खुंटी पुन्हा वापरली आहे. मॉरा मुलींबरोबर स्त्रियांच्या संगीत महोत्सवाला जाते आणि तिथे जन्माने स्त्री असलेल्यांनाच जागा आहे असं कळतं. मिशिगनमध्ये 1976 ते 2015 असा महोत्सव खरोखर भरत असे आणि या धोरणावरून तिथे अनेक वर्षं वाद चालला. 'समाज स्वीकारत नाही' असं ढोबळ लिहिण्यापेक्षा नेमका कोणता गट, कोणत्या दारावर, कोणत्या नियमाने अडवतो हे लिहिलं की संवाद आपोआप धारदार होतात.

पालकाला मालिकेभर काय हवं आहे, याचं उत्तर 'स्वीकार' असेल तर पुन्हा विचार करा. स्वीकार दुसऱ्याने द्यायचा असतो, त्यामुळे पात्र हात पसरून बसतं. प्रत्येक भागात छोटी, ठोस, दिसणारी इच्छा द्या. बाजारातल्या मॉलमध्ये स्त्रियांच्या स्वच्छतागृहात जायचंय. मैत्रिणीच्या इमारतीत भाड्याने घर घ्यायचंय. एका कार्यक्रमात रंगमंचावर गायचंय. 'ट्रान्सपेरंट'मध्ये हे तिन्ही आहे, आणि गाण्याच्या प्रसंगात मुलं मध्येच उठून जातात. मॉरा गाता गाता रिकाम्या खुर्च्या बघते. तिथे एक वाक्य नाही, पण वडील-मुलांचं नातं कुठवर आलंय ते सगळं दिसतं. दुसऱ्या सीझनची सुरुवातही अशीच. साराच्या लग्नाचा कुटुंबाचा फोटो, कॅमेरा एकाच जागी, सगळे पांढऱ्या कपड्यांत ढकलाढकली करत उभे. फोटोग्राफर मॉराला 'सर' म्हणून हाक मारतो. ती सरळ निघून जाते आणि फोटोची मांडणी विस्कटते. सूचना देणारा माणूस वाईट नाही, घाईत आहे. अपमान बहुतेक वेळा असाच, कामाच्या ओघात होतो. शिव्या देणारा गुंड लिहायची गरज क्वचितच पडते.

जोडीदाराकडे बहुतेक पहिल्या मसुद्यांत दुर्लक्ष असतं. एक तर ती फसवली गेलेली बायको म्हणून रडते, नाही तर दोन भागांत समजूतदार होते. शेली, म्हणजे मॉराची घटस्फोटित बायको, ही ज्युडिथ लाइट यांनी केलेली भूमिका नीट बघा. ती चिकट आहे, आत्मकेंद्री आहे, विनोदी आहे आणि एकटी आहे. मॉरा काही काळ तिच्याकडे राहायला जाते तेव्हा शेलीला संसार परत सुरू झाल्यासारखं वाटतं, मॉराला तसं वाटत नाही. तिसऱ्या सीझनमध्ये शेली स्वतःच्याच आयुष्यावर एकपात्री प्रयोग बसवायला घेते. या पात्राला पालकाशी संबंध नसलेलं एक तरी काम, एक तरी स्वप्न द्या.

आता भाषा. पटकथेत पात्राचं नाव पहिल्या पानापासून एकच ठेवा, ते स्वतःला जे म्हणतात ते. फ्लॅशबॅकमध्येसुद्धा संवादाच्या वरती तेच नाव. जुनं नाव फक्त इतरांच्या तोंडी. यात सोय नटांची आणि युनिटचीही आहे, कारण कागदावर जुनं नाव दिसलं की सेटवर सगळे तेच वापरतात.

मराठीत लिहिणार असाल तर क्रियापदाचा प्रश्न इंग्रजीपेक्षा कितीतरी अवघड आहे, आणि कामाचाही. इंग्रजीत 'मी'ला लिंग नाही. आपल्याकडे 'मी आलो' की 'मी आले' यातच सगळं कळतं. म्हणजे पालक पहिल्यांदा 'आले' म्हणतो किंवा म्हणते तो क्षण कुठे ठेवायचा, हे तुम्हाला ठरवावंच लागेल. फोनवर, अर्धवट झोपेत, भाजीचा हिशेब सांगताना, कुठेही. फक्त भाषणात नको. त्याआधीच्या सीनमध्ये त्यांचे संवाद लिंग न दाखवणाऱ्या रचनांत ठेवता येतात: 'मला जायचंय', 'माझं झालं', 'मी खाल्लं'. कान तयार असलेला प्रेक्षक हे टाळणं पकडतो. मुलांच्या बाबतीत आदरार्थी रूप हाताशी आहे. 'बाबा आले', 'आई आली' आणि मधेच एखाद्या मुलाच्या तोंडून 'बाबा आल्या'. ऐकायला विचित्र वाटतं, आणि ते तसंच वाटायला हवं. मूळ मालिकेत अ‍ॅली आई-बाबा दोन्ही शब्द एकत्र करून नवीनच हाक शोधते आणि ती घरात रुळते. तुमच्या घरातली हाकही एखाद्या मुलाने शोधलेली असू दे, तज्ज्ञाने सुचवलेली नको. चुकीचं लिंग वापरण्याच्या जागा मोजून ठेवा. सवयीने झालेली चूक, रागात मुद्दाम केलेली आणि बाहेरच्यांसमोर लपवण्यासाठी केलेली, या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. तिन्हींना पालकाची प्रतिक्रिया एकच असेल तर सीन खोटा पडतो.

शरीराविषयी लिहिताना सर्वांत जास्त चुका होतात, कारण लेखक एका भागात गोळी आणि पुढच्या भागात बदल दाखवतो. इस्ट्रोजेन आणि सोबतची टेस्टोस्टेरॉन दाबणारी औषधं सुरू केल्यावर त्वचा मऊ होणं, स्तनांची वाढ सुरू होणं याला साधारण तीन ते सहा महिने लागतात. वाढ पूर्ण व्हायला दोन-तीन वर्षं. आवाज बदलत नाही, त्यासाठी स्वरोपचार तज्ज्ञाकडे सराव करावा लागतो. दाढीची वाढ मंदावते, जात नाही. सत्तरीच्या पात्राला लेझरच्या टेबलावर झोपवू नका: लेझर केसातल्या रंगद्रव्यावर काम करतो, पांढऱ्या केसांवर तो चालत नाही. तिथे इलेक्ट्रॉलिसिस लागतं, म्हणजे सुईने एकेक केस. महिनोन्‌महिने चालणारं, दुखणारं काम. दोन माणसांच्या संवादाला ही खोली फार छान आहे. एकीला हलता येत नाही, दुसरीचं लक्ष सुईवर आहे. पात्र ट्रान्स पुरुष असेल तर उलट: टेस्टोस्टेरॉनने काही महिन्यांत आवाज उतरतो आणि औषध थांबवलं तरी परत चढत नाही.

वय वाढलेल्या पात्रात हृदयविकार, रक्तात गुठळी होण्याचा धोका, चालू असलेली इतर औषधं हे सगळं येतंच. तिसऱ्या सीझनमध्ये मॉराला शस्त्रक्रिया करायची असते आणि हृदयाच्या तक्रारीमुळे ती करता येणार नाही असं डॉक्टर सांगतात. हा निर्णय लेखकांनी धाडसाने घेतला आहे. 'शस्त्रक्रिया म्हणजे शेवट गोड' ही वाट त्यामुळे बंद होते. कथा कोणत्या वर्षी घडते तेही पक्कं करा. ट्रान्स व्यक्तींच्या उपचारांसाठी डब्ल्यूपॅथ या आंतरराष्ट्रीय संस्थेने काढलेल्या मार्गदर्शक तत्त्वांच्या 2011 च्या सातव्या आवृत्तीनुसार जननेंद्रियांच्या शस्त्रक्रियेसाठी मानसिक आरोग्य तज्ज्ञांची दोन पत्रं लागत. 2022 च्या आठव्या आवृत्तीत एकच पुरे आहे. अमेरिकेतल्या ज्येष्ठांच्या मेडिकेअर विम्यात अशा शस्त्रक्रियांवरची सरसकट बंदी मे 2014 मध्ये उठली. पटकथेत हे नियम कोणी समजावून सांगू नये, पण दोन पत्रं मिळवायला पात्राला दोन ठिकाणी जावं लागतं, हे कथानक आहे.

मेकअप आणि कपडेपटासाठी भागवार कंटिन्युइटीचा तक्ता द्या: केसांची लांबी, भुवया, नखं, दाढीची सावली, दागिने. अर्धवट पुसलेलं नेलपॉलिश, कानाला नुकतं पाडलेलं भोक असल्या खुणा पालकाला 'तिथे' आणि 'इथे' दोन्हीकडे पकडून देतात. आरशासमोर लिपस्टिक लावण्याचा सीन मात्र काढून टाका. तो प्रत्येकाने लिहून झालाय.

फ्लॅशबॅकमध्ये संक्रमणाआधीचं, म्हणजे स्वतःच्या लिंगओळखीने उघड राहायला लागण्याआधीचं, पात्र कोण करणार, हे लिहितानाच ठरवा, कारण त्यावर सीनची लांबी अवलंबून असते. 'ऑरेंज इज द न्यू ब्लॅक'मध्ये (2013) सोफिया या तुरुंगातल्या ट्रान्स आईची भूमिका लॅव्हर्न कॉक्स यांनी केली आणि तिचे आधीचे प्रसंग त्यांच्या जुळ्या भावाने, एम. लामार यांनी. सगळ्यांना जुळा भाऊ नसतो! 'ट्रान्सपेरंट'ने तिसऱ्या सीझनमध्ये लहानपणीच्या मॉरासाठी एक ट्रान्स मुलगी घेतली, तोही उत्तम मार्ग. याच मालिकेने दुसऱ्या सीझनमध्ये 1933 चं बर्लिन दाखवलं. जर्मन डॉक्टर माग्नुस हिर्शफेल्ड यांची 1919 मध्ये सुरू झालेली लैंगिक विज्ञान संस्था, 6 मे 1933 ला नाझींनी तिच्यावर घातलेली धाड, आणि तिथे राहणारी मॉराची ट्रान्स आत्या-मावशीच्या पिढीतली नातलग, जी भूमिका हारी नेफ या ट्रान्स अभिनेत्रीने केली. इतिहास तिथे रक्ताच्या नात्यातून येतो म्हणून चालतो. घरातल्या कोणाचा संबंध नसेल तर असला धडा मध्ये घालू नका.

शेवटी लेखन आणि भूमिका कोणाच्या हातात, हा मुद्दा. निर्माते जोई सोलोवे यांच्या स्वतःच्या पालकाने ट्रान्स असल्याचं सांगितल्यावर ही मालिका सुरू झाली. झॅकरी ड्रकर आणि ऱ्हिस अर्न्स्ट हे दोन ट्रान्स कलाकार सल्लागार म्हणून होते, दुसऱ्या सीझनपासून लेखकांत अवर लेडी जे आल्या, अलेक्झांड्रा बिलिंग्ज आणि ट्रेस लिसेट मैत्रिणींच्या भूमिकांत होत्या. पण मुख्य भूमिका जेफ्री टॅम्बर यांची. त्यांना 2015 आणि 2016 अशी दोन एमी, म्हणजे अमेरिकेतली टीव्हीची पारितोषिकं, मिळाली, आणि 2016 ला मंचावरूनच त्यांनी ट्रान्स कलाकारांना संधी देण्याचं आवाहन केलं. नोव्हेंबर 2017 मध्ये त्यांची माजी सहायक आणि एक सहकलाकार अशा दोन ट्रान्स स्त्रियांनी त्यांच्यावर लैंगिक गैरवर्तनाचे आरोप केले. त्यांनी ते नाकारले, पण फेब्रुवारी 2018 मध्ये ते मालिकेबाहेर गेले. मुख्य पात्रच हातातून गेल्यावर मॉराचा मृत्यू पडद्याआड दाखवून 27 सप्टेंबर 2019 ला एका संगीतमय शेवटच्या भागावर सगळं गुंडाळावं लागलं. तुकडे चांगले, एकूण विसविशीत, असं माझं मत.

तुमच्या बजेटमध्ये रायटर्स रूम, म्हणजे एकत्र बसून लिहिणारा लेखकांचा गट, नसेल तर निदान दोन ट्रान्स वाचकांना, त्यातले एक शक्यतो स्वतः पालक असलेले, मानधन देऊन वन-लाइनरच्या टप्प्यावर बसवा. संवाद झाल्यावर दाखवलं की ते शब्द सुधारतात, ढाचा तसाच राहतो. तोवर कलाकारांच्या तारखाही घेऊन झालेल्या असतात. त्यांना 'हे आक्षेपार्ह आहे का' असं विचारू नका, त्याचं उत्तर बहुधा 'नाही' असंच येतं. 'या जागी तुम्ही काय केलं असतं' असं विचारा, आणि आधी तो माहितीचा तक्ता समोर ठेवा. घरात कोणाला कधी कळलं असेल, यावर त्यांची दुरुस्ती सगळ्यात जास्त उपयोगी पडते.